आडोशाचा चौकोन

बारा इंच रुंद, बारा इंच उंच.
एवढ्यात मला वारा बसवायचा आहे.

झाडं सोपी. हिरव्याचे सात निमुळते त्रिकोण,
खांद्याला खांदा लावून उभे,
जसे बाबांनी लावले होते शेताच्या पश्चिमेला
मी आईच्या पोटात होते तेव्हा.
फांदी तोडायची, कालव्याच्या ओल्या कडेला खुपसायची, झालं.
आलामोला बी लागत नाही, आर्जवंही लागत नाहीत.
मी रांगत होते तेव्हा ती बाबांच्या टोपीला लागली,
पांढरा एप्रन घालून मी शाळेत निघाले तेव्हा
छपराच्या वर.
आम्ही एका वयाची; पण मी वाढायची थांबले.

आई म्हणायची, चुबुतच्या खोऱ्यात
देवाने वारा आधी केला
आणि उरलेल्या वेळात जमीन.
हे ती वेल्शमध्ये म्हणायची.
स्पॅनिशमध्ये तिने देवाला कधी नावं ठेवली नाहीत,
स्पॅनिश फक्त दुकानासाठी आणि मेंढ्यांसाठी.

पहिला त्रिकोण बाबांच्या रविवारच्या कोटाच्या अस्तराचा.
काखेजवळ अजून घामाचा डाग आहे, तो खोडाकडे घेतला.
दुसरा चॅपेलच्या पडद्याचा, उलटा,
म्हणजे न विटलेल्या बाजूने.
मग माझाच एक झगा, ज्यात मी
ओसियान प्रिचर्डला नाही म्हटलं होतं.
उगाच. चांगला होता.
झगा म्हणते मी.

भराभर वाढलेलं झाड आतून पोकळ होतं
हे सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी बोलत नाही.
गेल्या ऑगस्टमध्ये दोन कोसळली, एक गोठ्यावर.
मग नगरपालिकेची करवत आली आणि दुपारी चारपर्यंत
अख्खी रांग आडवी.
मी बुंध्यावरची वर्तुळं मोजायला बसले,
बाहेरून आत.
एकोणचाळीसनंतर नुसता भुसा.
माझं लहानपण तिथे नव्हतं.

त्या रात्री घराला पहिल्यांदा वारा लागला.
काचा थंडीने कुडकुडल्यासारख्या वाजत राहिल्या.
आणि पश्चिमेला, जिथे जन्मभर फक्त झाडं होती,
तिथे एक दिवा.

सकाळी एक चादर उडत आली,
पंपाच्या दांड्याला गुंडाळली, टर्रकन फाटली.
मागोमाग तिची मालकीण, साबणाच्या हातांनी.
राकेल अंतिलेफ. एकोणतीस वर्षं तिथेच राहते म्हणाली.
एकोणतीस.
मी चहा केला, तिने तिचं मातेच काढलं पिशवीतून.
जाताना चादर इथेच टाकली: घे, पुसायला होईल.

पुसायला नाही घेतली.
या चौकोनात झाडांच्या मधून, वरून, खालून
जे पांढरट करडं वाहतं आहे
ती तीच.

सातवा त्रिकोण राकेलने आणला,
लेकाच्या फुटबॉलच्या शर्टाचा, झगझगीत, निसरडा.
त्यावर सुई उभी राहीना.
मी म्हटलं, असं झाड नसतं, बाई.
ती म्हणाली, नोव्हेंबरात पानं उलटतात तेव्हा
बघितलंस का कधी?
बघितलं होतं. मुकाट्याने टाका घातला.

शिवणीला पाव इंच सोडायचं असतं,
पन्नास वर्षं मी पोरींना हेच शिकवलं.
आज विसरले.
सातही शेंडे शिवणीच्या पोटात गेले,
वरून कापल्यासारखी झाडं, बोथट.
उसवायची कात्री घेतली, मग चष्म्याजवळ ठेवून दिली.
वाऱ्यात वाढलेल्या कुठल्या झाडाला
नीट शेंडा असतो?

बाहेर नव्या फांद्या खोचल्या आहेत, पेन्सिलीएवढ्या,
दुधाच्या डब्यांच्या आडोशाला.
एका ठिकाणी दोन पावलं जागा सोडली.
कालवेवाला म्हणाला, इथे भोक राहिलं की.
हो म्हटलं.
इथूनही मी एक त्रिकोण काढला, झग्याचा.
तेवढ्या फटीत पिवळ्या चिटाचं
नखाएवढं ठिगळ.

आता इस्त्री तापली आहे.
पुस्तकात लिहिलं असतं, शिवणी दोन्हीकडे उघडून दाबा.
मी सगळ्या एकाच बाजूला दाबते आहे,
पूर्वेला,
जिकडे इथलं सगळंच कललेलं असतं:
कुंपणं, गवत, राकेलची मेंढरं,
धुणं वाळत घालताना मी.